शॉर्टवेव्हवर दोष नेमका कुणाचा? केंद्राचा, आकाशाचा की माझ्या घरचा?

कोपरीकर

नमस्कार मंडळी. वडिलांचा काट्याचा जुना ट्रान्झिस्टर गणपतीच्या आवराआवरीत माळ्यावर सापडला. बँड स्विच साफ करून घेतला, एक-दोन कपॅसिटर बदलले, आणि रेडिओ चक्क बोलायला लागला. तेव्हापासून संध्याकाळी शॉर्टवेव्हचा नाद लागलाय.

३१ मीटरच्या पट्ट्यात, काट्यावर ९.६ मेगाहर्ट्झच्या जवळपास एका परदेशी केंद्राचा हिंदी कार्यक्रम लागतो. केंद्राचं नाव मुद्दाम घेत नाही, उगाच बदनामी नको. तक्रारी अशा:

ऑक्टोबर संपल्यापासून ठरलेल्या वेळी केंद्र 'लागतं' पण बोलत नाही. कुणी खिडकी लावून घ्यावी तशी खरखर एकदम दबते, पण पुढे शांतता. मग पाव तासाने कार्यक्रम सुरू होतो, तोही थेट अर्ध्या वाक्यापासून. दुसरं म्हणजे बोलणं चालू असताना मागे सतत घुंऽऽऽ अशी गुणगुण असते, आणि मधूनच आवाज चिरकतो. तिसरं सगळ्यात विचित्र: हेच केंद्र खाली ८.७ च्या आसपासही ऐकू येतं, जरा बारीक पण स्पष्ट.

रेडिओ बिघडलाय, केंद्र बिघडलंय की कोपरीची हवाच अशी आहे?

चहाटळ

रेडिओ परत माळ्यावर. दोष आपोआप नाहीसा होईल. (हलके घ्या.)

कानसेन

वा, आमच्या आवडीचा धागा! हे तिन्ही दोष एकाच गोष्टीचे नाहीत, एकेक करून पाहू.

सोपा आधी. ९.६ आणि ८.७ मधला फरक ०.९ च्या आसपास आहे ना? तुमच्या जातीच्या रेडिओत आलेली लहर आधी ४५५ किलोहर्ट्झवर उतरवतात आणि मग ऐकवतात. त्यासाठी आतला ऑसिलेटर (रेडिओची स्वतःची लहर तयार करणारं सर्किट) लावलेल्या केंद्रापेक्षा ४५५ ने वरच्या फ्रिक्वेन्सीवर चालतो. तुम्ही काटा ८.६९ वर नेला की ऑसिलेटर येतो ९.१४५ वर. आता ९.६ चं केंद्रही त्या ऑसिलेटरपासून ४५५ अंतरावरच पडतं, फक्त वरच्या बाजूला. रेडिओला दोन्ही सारखेच. याला इमेज म्हणतात आणि फरक कायम ४५५ च्या दुप्पट, म्हणजे ९१० असतो. एरियलजवळच्या पहिल्या टप्प्याची गाळणी ढिली असली की जोरदार केंद्रं अशी दोन जागी येतात. केंद्र निर्दोष आहे, तुमचा रेडिओही बिघडलेला नाही, त्याची जातच तशी.

आधी सांगून ठेवतो, कारण दरवर्षी कुणीतरी अशी इमेज ऐकून 'अमुक केंद्र बेकायदा फ्रिक्वेन्सीवर' असं पत्र त्या केंद्राला धाडतो.

नेरुळची_सीमा

कानसेन, हे तर आज पहिल्यांदाच कळलं. आमच्याकडे मर्फीवर सिलोन दोन ठिकाणी लागायचं. बाबा म्हणायचे एक लंकेतलं आणि एक भारतातलं. :)

कोपरीकर

काटा हळू फिरवून पाहिला. ९.६ च्या पुढे दुसरं एक जोरदार केंद्र आहे, तेही खाली तेवढ्याच अंतरावर सापडलं. तिसरी तक्रार निकालात. धन्यवाद कानसेन.

घोडबंदर_अडकलेला

एक प्रामाणिक प्रश्न. याच केंद्राचं ॲप असेल, वेबसाइट असेल, तिथे खणखणीत आवाज मिळतो. मग घुंऽऽ ऐकत का बसायचं? बीबीसी हिंदीने सुद्धा ३१ जानेवारी २०२० ला शॉर्टवेव्ह बंद केलं. त्यांना कळलं ते आपल्याला का कळू नये?

कानसेन

त्याच बीबीसीने मार्च २०२२ मध्ये युक्रेनसाठी शॉर्टवेव्ह पुन्हा सुरू केलं होतं, १५७३५ आणि ५८७५ किलोहर्ट्झवर, दिवसाला चार तास. टॉवर पडले, इंटरनेट तुटलं तरी हे पोचतं. बाकी तुम्ही घोडबंदर रोडवर दोन तास अडकता तेव्हा आम्ही 'लोकलने का येत नाही' असं विचारतो का?

घोडबंदर_अडकलेला

मेट्रो झाली की उत्तर देतो.

चहाटळ

म्हणजे हा धागा पुढच्या पिढीने वाचायचा.

सहावा_मजला_ऐरोली

कोपरीकर, गुणगुण फक्त त्या केंद्रावर येते की काटा रिकाम्या जागी नेला तरी येते? फक्त केंद्रावर येत असेल तर दोष त्यांच्या ट्रान्समीटरचा. पॉवर सप्लायचा फिल्टर गेला असणार, सरळ हिशोब आहे.

कोपरीकर

फक्त केंद्रावर येते. रिकाम्या जागी नुसती खरखर.

निवृत्त_प्रक्षेपक

सरळ नाही हो तो हिशोब. मी नोकरीची बरीच वर्षं ट्रान्समीटरच्या हॉलमध्ये काढली, कुठल्या ते विचारू नका. गुणगुण फक्त केंद्रावर येणं हे घरच्या दोषाचंही लक्षण असतं.

रेडिओ ॲडॉप्टरवर लावलाय का? ॲडॉप्टरमधले डायोड सेकंदाला १०० वेळा उघडझाप करतात. घरातल्या वायरिंगने हवेतून उचललेली लहरही त्यांच्याबरोबर उघडझाप करते आणि तीच तुमच्या एरियलला मिळते. केंद्र नसेल तर उघडझाप करायला लहरच नाही, म्हणून रिकाम्या जागी शांतता. जोरदार केंद्र आलं की लगेच घुंऽऽ. आम्हाला श्रोत्यांची अशी पत्रं यायची आणि आम्ही सगळी मीटरं तपासून 'इथे सर्व ठीक' असं कळवायचो. श्रोत्याला वाटायचं सरकारी उत्तर आहे.

ॲडॉप्टर नुसता बंद करू नका, भिंतीतून उपटा. सेल घाला. मग सांगा.

सहावा_मजला_ऐरोली

असंही असतं? मग ट्रान्समीटरची गुणगुण ओळखायची कशी?

निवृत्त_प्रक्षेपक

सेलवर, गच्चीत, घराच्या वायरिंगपासून लांब. तरी आली तर केंद्राची.

आणखी एक गंमत आहे पण ती सगळीकडे चालत नाही. आपल्याकडे वीज ५० हर्ट्झची, म्हणून घरची गुणगुण १०० ची. तैवान, दक्षिण कोरिया, फिलिपिन्स, अमेरिका, क्यूबा इथे वीज ६० हर्ट्झची, तिथल्या ट्रान्समीटरची गुणगुण १२० ची. मोबाइलवर आवाजाचा आलेख दाखवणारं फुकट ॲप घ्या आणि रेडिओसमोर धरा. १२० ला काडी उभी राहिली तर तुमचा ॲडॉप्टर निर्दोष सुटला. मात्र १०० ला राहिली तर काहीच सिद्ध होत नाही, कारण चीन आणि अख्खा युरोप ५० वरच आहे.

नेरुळची_सीमा

हा प्रतिसाद वाचनखूण म्हणून साठवला.

खारघरचा_डोंगर

तुमचं ते चिरकणं मात्र ना घरचं ना केंद्राचं, ते आकाशातलं. एकच लहर आयनोस्फियरवरून (वातावरणाच्या वरच्या विद्युतभारित थरांवरून) दोन वेगळ्या वाटांनी येते, वाटांची लांबी कमीजास्त, मग काही फ्रिक्वेन्सी एकमेकींना खोडतात. नेमका मधला कॅरियर (आवाज वाहून नेणारी मूळ लहर) खोडला गेला आणि बाजूच्या, आवाजाच्या पट्ट्या शिल्लक राहिल्या की आवाज फाटतो, माणूस डब्यात तोंड घालून बोलतोय असं वाटतं. त्यात आपण चुंबकीय विषुववृत्ताच्या फार लांब नाही. सूर्य मावळल्यावर वरच्या थरात खळबळ होते, मार्च-एप्रिल आणि सप्टेंबर-ऑक्टोबरच्या सुमारास जास्त, तेव्हा आवाज थरथरतो सुद्धा. साध्या सेटवर यावर इलाज नाही. सिंक डिटेक्शन (खोडला गेलेला कॅरियर रेडिओतच तयार करायची सोय) असलेला रेडिओ घेतलात तर पुष्कळ फरक पडतो.

आणि कधी अख्खा शॉर्टवेव्ह भरदिवसा ठार झाला तर स्क्रू ड्रायव्हर हातात घेऊ नका. सूर्यावर मोठा भडका उडाला की क्ष-किरण आठ मिनिटांत पोचतात, आयनोस्फियरचा खालचा डी थर दाट होतो आणि लहरी गिळून टाकतो. पृथ्वीच्या उजेडाच्या बाजूला काही मिनिटं ते तास-दोन तास सगळं सपाट. माझ्या शेजाऱ्यांनी अशाच एका दुपारी रेडिओ उघडला आणि बंद करताना त्यांच्याकडे दोन स्प्रिंगा उरल्या.

चहाटळ

त्या स्प्रिंगा सूर्याला पाठवून द्या.

पारसिक_बोगदा

ते मे २०२४ चं वादळ हेच का? लडाखला हानलेहून लाल ध्रुवीय प्रकाशाचे फोटो आले होते.

खारघरचा_डोंगर

घराणं एक, माणूस वेगळा. भडक्याचे क्ष-किरण लगेच येतात आणि लगेच ओसरतात. १० मे २०२४ ला आलं ते भूचुंबकीय वादळ होतं, सूर्याने फेकलेला पदार्थ इथवर यायला एक-दोन दिवस घेतो आणि आल्यावर परिणामही लांबतो. त्यात आधी वरच्या फ्रिक्वेन्सी जातात, १९ मीटर, १६ मीटर वगैरे (मीटर कमी तितकी फ्रिक्वेन्सी जास्त). भडक्यात उलट, आधी खालच्या मरतात. शांत झालेल्या पट्ट्यांवरून कारण ओळखता येतं ते असं.

वाशी_सेक्टर_सतरा

मला विचाराल तर हे सरळ जॅमिंग आहे, मुद्दाम घातलेला अडथळा. शेजारच्या मोठ्या देशाचं.

कानसेन

घुंऽऽ म्हणजे जॅमिंग नव्हे हो. जॅमिंग करणारे इतके सौम्य नसतात. सोव्हिएत जॅमर ऐकलेत का? करवतीच्या कारखान्यासारखा आवाज. चिनी जॅमिंगला जगभरचे श्रोते फायरड्रेक म्हणायचे, त्यात थाळ्या-झांजांचं पारंपरिक चिनी संगीत अखंड वाजायचं. ऐकायला वाईट नव्हतं, पण त्याच्याखाली दुसरं केंद्र गाडलेलं असायचं. आणि १९७६ पासून १९८९ पर्यंत सगळ्या पट्ट्यांवर टकटकटकटक करणारा 'सुतारपक्षी', सेकंदाला दहा टोले. चेर्नोबिलजवळचं क्षितिजापलीकडचं रडार निघालं ते.

नेरुळची_सीमा

तो टकटक आवाज मला आठवतोय!! लहानपणी नौपाड्यात आजोबांच्या रेडिओवर. आम्हाला वाटायचं कुणीतरी तार करतंय.

घोडबंदर_अडकलेला

केंद्रांचे स्वतःचे घोळ पण सांगा ना कुणीतरी. आता वाचायला मजा येतेय, ॲपचा मुद्दा मागे घेत नाहीये.

कानसेन

घोळांच्या गप्पा निघाल्या की जगभरचे डीएक्सर (लांबची केंद्रं शोधून ऐकणारे हौशी लोक) हवानाचं नाव आधी घेतात. क्यूबाचं एक अंकवाचक हेरकेंद्र आहे, कुणासाठी तरी सांकेतिक आकडे पाठवतं. त्या आकड्यांच्या मागे रेडिओ हवानाचा कार्यक्रम ऐकू आल्याच्या नोंदी आहेत, आणि उलटही. गुप्त केंद्र कुणाचं ही चर्चा तिथेच संपली.

दुसरा प्रकार उड्यांचा. एकाच आवारात ६००० आणि ६०६० वर दोन ट्रान्समीटर चालतायत आणि एकाची लहर दुसऱ्याच्या आउटपुटमध्ये शिरली, तर दोघांची भेसळ ५९४० आणि ६१२० वरही येते. मधलं अंतर ६० आहे, तेवढीच उडी दोन्ही बाजूंना. दोन्ही कार्यक्रम एकदम ऐकू आले की समजायचं. ही भेसळ मात्र खरीखुरी हवेत असते. कोपरीकरांची ८.७ वरची फक्त त्यांच्या डब्यात आहे. दुसऱ्या जातीच्या रेडिओवर तपासलं की फरक कळतो.

पारसिक_बोगदा

आणि आवाज दुहेरी येतो तो? प्रत्येक शब्दामागे शब्द.

निवृत्त_प्रक्षेपक

दोन कारणं. पृथ्वीचा घेर ४०,००० किलोमीटर, लहरीला पूर्ण वळसा घालायला सेकंदाचा साधारण सातवा भाग लागतो. जवळच्या वाटेने आणि उलट्या वाटेने एकदम आली की हलका घुमारा येतो. दुहेरीपणा त्याहून ठळक, पाव सेकंदाचा वगैरे असेल तर बहुधा एकाच फ्रिक्वेन्सीवर दोन ट्रान्समीटर आहेत आणि एकाला आवाज उपग्रहावरून जातोय. उपग्रहाची एक फेरी साधारण पाव सेकंद खाते.

आता कोपरीकरांची पहिली तक्रार, ती सगळे विसरले. खरखर दबते याचा अर्थ कॅरियर हवेत आहे, त्यावर आवाज चढलेला नाही. ५०० किलोवॅटचा ट्रान्समीटर पूर्ण आवाजावर असतो तेव्हा कॅरियरमध्ये ५०० आणि आवाजाच्या पट्ट्यांमध्ये जेमतेम २५० किलोवॅट असतात. म्हणजे मुकं केंद्रही विजेचं बिल जोरात चढवतंच. (नवे ट्रान्समीटर आवाज नसला की कॅरियर उतरवतात, म्हणून हल्ली दोन वाक्यांच्या मधे खरखर वर येते. तो दोष नव्हे, काटकसर.)

तुम्ही लिहिलंत की कार्यक्रम अर्ध्या वाक्यापासून सुरू होतो. यातच उत्तर आहे. स्टुडिओ वेळेवर सुरू झाला होता, नाहीतर तुम्हाला सुरुवातीची धून ऐकू आली असती. ट्रान्समीटरही वेळेवर. मधली जोडणी उशिरा लागली. आणि हे ऑक्टोबर संपल्यावरच सुरू झालं. शॉर्टवेव्हची वेळापत्रकं वर्षातून दोनदा बदलतात, मार्चच्या आणि ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारी. २०२५ मध्ये तो २६ ऑक्टोबरला आला. त्या रात्री शेकडो नोंदी बदलतात, वेळ यूटीसीत (जागतिक प्रमाणवेळेत), युरोपातली घड्याळं त्याच दिवशी एक तास मागे. ट्रान्समीटर भाड्याचा आणि दुसऱ्या देशात असेल तर तिथल्या ड्यूटीवाल्याला हिंदी कळत नसतं. त्याला सुई हललेली दिसली की पुरे, आणि आधीच्या कार्यक्रमाची लाइन काढायला तो कुणीतरी फोन करेपर्यंत थांबतो.

त्यांना लिहा. तारीख, यूटीसी वेळ, फ्रिक्वेन्सी, किती मिनिटं शांत होतं. नुसतं 'आवाज येत नाही' असं लिहाल तर तेच सरकारी उत्तर मिळेल.

सहावा_मजला_ऐरोली

लिहिण्याआधी इंटरनेटवरच्या दुसऱ्या देशातल्या रिसीव्हरवर तीच फ्रिक्वेन्सी त्याच वेळी लावून बघा, फुकट असतात. तिथेही मुकं असेल तर वाद मिटला.

माझं घरचं दुखणं सांगतो, विषयाला धरूनच आहे. आमच्या इमारतीत नवीन लिफ्ट बसवली. ती निघाली की ४१ मीटरवर घर्रर्र सुरू, मजल्यावर थांबली की एकदम बंद. रेडिओवरून मला कळतं कुणी चाललंय. सोसायटीच्या सभेत बोललो तर सेक्रेटरी म्हणाले, तुमच्या रेडिओसाठी लोकांनी जिने चढायचे का? आता रविवारी खाडीच्या बाजूला जाऊन ऐकतो. घरात ज्या फ्रिक्वेन्सीवर काही नव्हतं तिथे दोन-दोन केंद्रं. येणारे जाणारे फ्लेमिंगो मोजायला आलोय समजतात.

वाशी_सेक्टर_सतरा

एलईडी बल्ब पण तपासा. आमच्या जिन्यातला एक बल्ब बदलला आणि २५ मीटर परत मिळालं. जॅमिंगचं माझं मत कायम आहे.

घोडबंदर_अडकलेला

व्हॉइस ऑफ अमेरिका आता कुठे लागतं? मार्च २०२५ मध्ये माणसं रजेवर पाठवली आणि प्रसारण गप्प झालं तेवढं वाचलं होतं. आपण इथे ॲडॉप्टर तपासतोय आणि तिकडे एका आदेशात सगळंच बंद झालं होतं.

कानसेन

रेडिओ ऑस्ट्रेलियाचं शॉर्टवेव्हही ३१ जानेवारी २०१७ ला असंच गेलं. पण तो वेगळा धागा. काढा तुम्ही, येतो भांडायला.

कोपरीकर

अपडेट देतो.

ॲडॉप्टर उपटून चार सेल घातले. गुणगुण नव्वद टक्के गेली. उरलेली फ्रिजची होती, कंप्रेसर बंद झाला की तीही जाते. निवृत्त_प्रक्षेपक काका, साष्टांग.

इंटरनेटवर आशियातले दोन रिसीव्हर लावले, दोन्हीकडे त्याच वेळी तीच शांतता. मग काकांनी सांगितलं तसं सगळं यूटीसीत लिहून केंद्राला ईमेल केली. दोन दिवसांत उत्तर, 'आपल्या अहवालाबद्दल आभार, तांत्रिक विभागाला कळवलं आहे, क्यूएसएल कार्ड पाठवत आहोत.' (म्हणजे केंद्र ऐकल्याची पोचपावती.)

आणि काल खरोखर वेळेवर, अगदी ठोक्याला आवाज आला. पहिल्या मिनिटापासून, स्वच्छ, शांततेचा पत्ता नाही. फक्त भाषा हिंदी नव्हती. बहुतेक व्हिएतनामी असावी. पाव तासाने कुणीतरी खटका दाबला आणि हिंदी आली, पुन्हा अर्ध्या वाक्यापासून.

चहाटळ

हसून हसून पुरेवाट. काम झालं की! तक्रार शांततेची होती, ती दूर केली त्यांनी.

निवृत्त_प्रक्षेपक

म्हणजे लाइन काढायची राहतेय हेच बरोबर निघालं, आता फक्त आधीच्या कार्यक्रमाची भाषा तेवढी कळली. पुन्हा लिहा. या वेळी आवाजाचा तुकडाही जोडा आणि विषयात 'चुकीची भाषा' असं लिहा. ते पत्र स्टुडिओत थांबत नाही, ज्याने ट्रान्समीटरचं भाडं भरलंय त्याच्या टेबलावर जातं.

कोपरीकर

पाठवलं. बघू.

नेरुळची_सीमा

कोपरीकर, तो बँड स्विच साफ करून देणारा कारागीर ठाण्यात कुठे बसतो? आमचा मर्फी अजून आहे. इथे सगळे म्हणतात 'मॅडम, पार्ट मिळत नाही', उघडून बघतसुद्धा नाहीत.

कोपरीकर

व्यक्तिगत निरोप केलाय ताई. दुपारी एक ते चार बंद असतो, आणि मर्फी म्हटल्यावर आधी अर्धा तास ठाण्यातल्या मर्फीच्या कारखान्याच्या गोष्टी सांगेल, तेवढी तयारी ठेवून जा.